करवंट्या आणि काढा

एडिनबराबाहेरच्या आमच्या घरात लाकडी पेलेट्सवर चालणारा बॉयलर आहे. भुसा दाबून केलेल्या या बोटभर कांड्या तो आपल्या आपणच ओढून घेतो, जाळतो आणि पाणी तापवतो. माणसाला काही कामच ठेवत नाही. मी तर लहानपणी साताऱ्यात रोज बंब पेटवलेला माणूस! म्हणून चटणीसाठी नारळ फोडला की करवंटीच्या ठिकऱ्या करायचो आणि बॉयलरचं छोटं दार उघडून हळूच आत सारायचो.

"अरे, सरळ कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाक ना!" बायको ओरडायची.

"करवंटी कुणी फेकतं का?" मी सुनावायचो.

शेजारी एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. त्यांना दमा आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांचा खोकला आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायला लागला. मला राहवेना. आलं, मिरी, मध घालून काढा केला आणि थर्मासमधून नेऊन दिला. मग दर शनिवारी जायला लागलो. तासभर बसायचो, स्कॉटलंडच्या हवेला शिव्या घालायचो आणि असा शेजारी मिळायला भाग्य लागतं, असं मनात म्हणत घरी यायचो.

मार्चमध्ये बॉयलरची सर्व्हिस करायला एक मुलगी आली. तिने धुराड्यातून चिकट काजळी खरवडली, राखेतली अर्धवट जळलेली ठिकरी उचलली आणि माझ्या नाकासमोर धरली. सुक्या पेलेट्सशिवाय दुसरं काही घातलं की जळण नीट होत नाही आणि धुरातून बारीक कण बाहेर पडतात, ते थेट छातीत जातात, असं तिने मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. मग बाहेर येऊन तिने धूर कुठे जातो ते दाखवलं. तो शेजारच्या बाईंच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीवर जात होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनोन्‌महिने मीच त्यांना खोकला देत होतो आणि वर मीच औषध पाजत होतो. शनिवारची वाट न पाहता तसाच गेलो आणि दारातच सगळं कबूल केलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "धूर तुमचाच आहे, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"खोकला थांबला असता, तर तुम्ही कशाला आला असता?"