अख्खं मंगळम

नाव: आर. सुधींद्र राव. वय: निवृत्तीच्या पलीकडचे. पूर्वानुभव: बँकेत चेक वटवणे. सध्याचे पद: विभागप्रमुख, समाजमाध्यमे व जनसंपर्क, मराठी हरिकथा सभा, पश्चिम तांबरम. विभागातील मनुष्यबळ: वरीलप्रमाणे.

सभेचे श्रोते म्हातारे होत गेले, तसतसा हॉलचा विश्वस्त मुरली अधीर होत गेला. "राव, या शनिवारी खुर्च्या भरल्या तर हॉल तुमचा. नाहीतर दुसरे वाट बघतायत."

दुसरा फुकटचा हॉल अख्ख्या चेन्नईत मिळणार नव्हता. सुधींद्रला अन्न गोड लागेना. शेवटी भाचीने फोनवर उपाय सांगितला: कथेतला एखादा सुंदर तुकडा घे, रील करून टाक. सुधींद्र कीर्तनकार विद्यालक्ष्मीअक्कांकडे गेला.

"तुकडा? हरिकथा म्हणजे काय भोपळा आहे रे, पाव किलो कापून द्यायला?"

"अक्का, पाया पडतो. सभा बुडतेय."

अक्का जरा विरघळल्या. तुकडा नाहीच, पण कथेच्या अखेरीस म्हणतात ते मंगळम देते म्हणाल्या. लहान असतं, आणि अख्खं असतं. रेशमी साडी नेसून, हातात झांजा घेऊन त्यांनी ते असं म्हटलं की विभागप्रमुखांना डोळे पुसावे लागले. शनिवारी दुपारी रील इन्स्टाग्रामवर गेलं, सभेच्या व्हॉट्सॲप गटावरही गेलं. पार टोरांटोहून लाल बदाम येऊ लागले.

संध्याकाळी हॉलमध्ये पंखे तेवढे फिरत होते. वेळ टळली तशी सुधींद्रने राजसबाईंना फोन लावला. त्या एकही कथा चुकवत नसत.

"कुठं आहात?"

"घरीच. पाहिलं रे आत्ता. मंगळम काय गोड झालं! या खेपेला कथा दुपारीच केलीत होय? कुणी कळवलं नाही आम्हाला."

"अहो, कथा अजून व्हायचीय! या ना!"

"मंगळम झाल्यावर पुन्हा कथेला बसतात का कुणी? बाकीच्यांनाही मीच सांगितलं, आता निघू नका म्हणून."

सुधींद्र जिना उतरून बसस्टॉपवर धावला. "पाच मिनिटं बसा, नुसते बसा," म्हणून अनोळखी माणसांपुढे हात जोडत राहिला. लोक त्याला वळसा घालून बसमध्ये चढले.

वर मुरली दारात उभा होता. सुधींद्रने धापा टाकत फोन पुढे केला. "हजारोंनी पाहिलंय, सार."

मुरलीने हॉलभर नजर फिरवली. "बसलेत कुठे?"

अक्का झांजा पिशवीत घालत होत्या.

पुढच्या शनिवारी तिथे कराटेचा वर्ग सुरू झाला.