ब्लॉगवाल्यांचं टेबल

कंपनीत त्यांना सगळे ताई म्हणत. मोठे साहेब वयाने त्यांच्याहून चांगले थोर, पण तेही ताईच म्हणत. फक्त रागावले की त्याचं ‘अहो ताई’ व्हायचं.

कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. ताई तिथे लागल्या तेव्हा मदतीच्या फोनवर बसत. कुठल्यातरी दवाखान्यात सॉफ्टवेअर अडलं, बाहेर रुग्णांची रांग लागली की फोन वाजायचा, आणि पलीकडचा माणूस नेहमी तापलेलाच असायचा. ताई त्याला मनसोक्त बोलू द्यायच्या. त्याचा राग निवला की विचारायच्या, “आत्ता समोर पडद्यावर काय दिसतंय?” मग निम्मं काम झालेलं असायचं.

याच गुणापायी त्यांच्या गळ्यात ब्लॉगवाले पडले. कंपनी दरवर्षी मोठी कॉन्फरन्स भरवत असे. पहिल्या रांगेत गिऱ्हाइकं, दुसऱ्या रांगेत वर्तमानपत्रवाले. ब्लॉगवाल्यांचं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. बोलवावं तर काहीबाही लिहितात, न बोलवावं तर जास्तच लिहितात. साहेब म्हणाले, “ताई, चिडलेल्या माणसांशी तुम्ही चांगलं बोलता. यांना तुम्हीच बघा.”

पहिल्या वर्षी ब्लॉगवाल्यांना हॉलच्या अगदी मागे, स्वच्छतागृहाच्या दाराशी बसवलं होतं. ताई तिथे गेल्या तर निम्मे जण खुर्च्यांखाली वाकलेले. काय हरवलं म्हणून विचारलं, तर ते प्लग शोधत होते. लॅपटॉपची बॅटरी संपत आलेली, नेट मिळत नाही, आणि हातात कंपनीने दिलेली पिशवी. पिशवीत पेन, टोपी आणि साहेबांचा फोटो असलेलं पत्रक. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, “टोपी चार्ज होते का बघ रे.”

पुढच्या वर्षी ताईंनी पिशव्या बंद करायला लावल्या. त्याऐवजी हॉलमध्येच, कडेच्या भिंतीला लागून एक लांब टेबल मागितलं. प्रत्येक खुर्चीला प्लग, नेटची वेगळी लाइन, आणि जेवणाच्या सुट्टीत तिथे बसायला एक इंजिनिअर.

“कुठला इंजिनिअर?” साहेबांनी विचारलं.

“ज्याला खरं बोलता येतं तो.”

असा शोधायला जरा वेळ लागला, पण सापडला.

टेबलाशी आलेल्या माणसांना ताई पहिल्याच भेटीत सांगून टाकत, “चांगलं लिहा असं मी तुम्हाला कधी म्हणणार नाही. माहिती चुकली तर मात्र फोन करेन. मत तुमचं.” आणि त्या प्रत्येकाचं लिखाण खरंच वाचत. ऑफिसला जाताना बसमध्ये वाचत, भाजी शिजत असताना ओट्याशी उभ्या राहून वाचत. नवरा म्हणायचा, “माझं पत्र कधी एवढं मन लावून वाचलं नाहीस.” त्यावर ताई म्हणत, “तुम्ही लिहिलंत कधी?”

टेबलावरचा सगळ्यांत खडूस माणूस म्हणजे मास्तर. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची चिरफाड करणं हा त्यांचा म्हातारपणचा छंद. ताईंच्या कंपनीबद्दल त्यांनी एकदा लिहिलं होतं की, ‘या सॉफ्टवेअरमध्ये रुग्णाचं नाव सापडेपर्यंत रुग्ण बरा होऊन घरी जातो.’ प्रसिद्धी विभागात संताप झाला. ताईंना मात्र हसू फुटलं, कारण मदतीच्या फोनवर त्यांनी हीच तक्रार कितीदा ऐकली होती. त्यांनी तो मजकूर इंजिनिअरांच्या खोलीत नेऊन भिंतीवर चिकटवला. चार-पाच महिन्यांनी नाव शोधायची सोय दुरुस्त झाली तेव्हा ताईंनी मास्तरांना फोन केला.

“तुमचा रुग्ण आता सापडतो. बघा एकदा.”

“बघतो,” मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवला. आठवड्याने त्यांनी दोनच ओळी लिहिल्या, पण खऱ्या लिहिल्या. ओळख झाली ती तिथून.

मास्तर जेवताना पावाच्या कडा काढून ठेवत आणि बोलताना तोंडावर हात धरत. ताईंनी हे सहज घरी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याचा धंदा दातांच्या कवळ्या बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत चाळीसएक प्लास्टरचे जबडे कायम मांडून ठेवलेले असत.

“बोलताना टकटक वाजतं का?” नवऱ्याने विचारलं.

“वाजतं.”

“वरची कवळी सैल झालीय. त्यांना म्हणावं दाताच्या डॉक्टरांकडून माप पाठवा.”

“अहो, असं कसं म्हणू? कंपनीचे पाहुणे आहेत.”

सासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून सगळं ऐकत होत्या. “सांग बाई,” त्या म्हणाल्या, “पण आधी विचार कर. नवे दात आले की तो चावणार कुणाला? तुझ्याच कंपनीला.”

ताईंनी धीर करून सांगितलं. मास्तर लाजले, मग आपल्या डॉक्टरांमार्फत रीतसर माप पाठवून, रीतसर पैसे मोजून त्यांनी कवळी करून घेतली. त्यानंतरचा त्यांचा लेख वाचून सासूबाईंचं भाकीत खरं ठरलं असंच घरी सगळे म्हणाले.

टेबलावर आणखी दोघं नेहमीची होती. एक फार्मसीवाली, म्हणजे दिवसभर औषधाच्या दुकानात उभी राहून संध्याकाळी ब्लॉग लिहिणारी. दुसरा कॅमेरेवाला. तो लिहायचा कमी; सगळं चित्रित करून थेट नेटवर दाखवायचा. आपल्याला बघणारे लोक मोजके आहेत याचं त्याला कायम वाईट वाटे.

अशी काही वर्षं गेली. मग ती कॉन्फरन्स आली.

त्या वर्षी नवं सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. कंपनीचे तंत्रप्रमुख मंचावर उभे होते, पाठीमागे भिंतभर पडदा. त्यांनी एक बटण दाबलं आणि पडद्यावर रुग्णांची यादी उघडली. डेमोसाठी खोट्या नावांची यादी ठेवलेली असते. उघडली ती खरी. व्यसन सोडवण्यासाठी आणि मनाच्या आजारांवर जिथे उपचार होतात अशा एका दवाखान्याची. नाव, वय, पत्ता, नोकरी आणि समोर आजार.

तंत्रप्रमुखांची पाठ पडद्याकडे होती. “बघा, किती स्वच्छ दिसतं,” असं ते समोर बघून सांगत राहिले. हॉलमध्ये फोन वर झाले, फोटो निघू लागले.

ताईंना फोनवर बसून अशा याद्या वाचायची सवय. नावं खरी आहेत हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं, कारण खोट्या यादीत कुणी शुद्धलेखनाच्या चुका करत नाही. त्या धावत मागे प्रोजेक्टरवाल्याकडे गेल्या.

“बंद करा.”

“मंचावरून सांगितल्याशिवाय नाही करता येत, मॅडम.”

ताईंनी खांद्यावरची शाल काढली आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर टाकली. पडदा काळा झाला. तंत्रप्रमुखांनी तेव्हा कुठे मागे वळून पाहिलं.

मंचामागच्या खोलीत साहेब येरझाऱ्या घालत होते. चेहरा पांढराफटक. “अहो ताई, ती तुमची माणसं आहेत ना? सांगा त्यांना, एक अक्षर लिहायचं नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांचा प्रवास, हॉटेल, जे म्हणतील ते देऊ.”

“ते मी नाही सांगणार.”

“मग एवढी वर्षं त्यांना चहा कशाला पाजलात?”

“त्यांना चहा हवा होता म्हणून,” ताई म्हणाल्या. आपण हे कसं बोलून गेलो याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “मी त्यांच्याकडे काहीतरी मागणार आहे. पण हे नाही.”

टेबलापाशी आल्या तेव्हा सगळे भराभर टाइप करत होते. ताई उभ्याच राहिल्या.

“आमची चूक झाली आहे, आणि ती मोठी आहे. लिहायचं ते लिहा. पण त्या यादीतल्या माणसांनी काही केलेलं नाही. फोटोतली नावं पुसा. टाकला असेल फोटो, तर काढून घ्या. एवढंच.”

कॅमेरेवाल्याने मान वर केली नाही. त्याचं चित्रण थेट गेलेलं होतं. “ताई, किती लोक बघतायत बघा. आयुष्यात एवढे कधी आले नव्हते. आत्ताच काढू?”

ताईंनी त्याच्या पडद्यावरचा आकडा बघितला. त्याला जे एवढी वर्षं मिळत नव्हतं ते आज मिळालं होतं, आणि त्याने कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं.

फार्मसीवाली हळूच म्हणाली, “त्या यादीत एक गृहस्थ आहेत, माझ्या दुकानात येतात. मी नाव वाचलं. त्यांच्या बायकोला यातलं काही माहीत नाही. ती पण माझ्याच दुकानात येते.”

कॅमेरेवाल्याने ते चित्रण काढून टाकलं. मग लॅपटॉप मिटला आणि उठून पाणी प्यायला गेला.

मास्तरांचं टाइप करणं चालूच होतं. “मी लिहिणार. कडक लिहिणार.”

“लिहा.”

“तुम्ही शाल टाकलीत तेही लिहिणार.”

“ते नको, मास्तर. माझी नोकरी आहे.”

“माहिती चुकली असेल तर सांगा,” मास्तर म्हणाले. “मत माझं.”

सगळेच ऐकणारे नव्हते. एक जण फोटो टाकून हॉलमधून केव्हाच निघून गेला होता. ताईंनी त्याला फोन लावले, त्याने उचलले नाहीत. त्याचा फोटो दोन दिवस तसाच नेटवर होता. दवाखान्याच्या वकिलाची नोटीस गेली तेव्हा निघाला.

त्या दुपारी ताईंनी आणखी एक फोन केला, तो त्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना. हे काम कुणाचं यावर वर अजून चर्चा चालली होती. ताई जुन्या सवयीने फोन घेऊन बसल्या आणि काय घडलं ते सरळ सांगितलं. डॉक्टरीणबाई पुष्कळ वेळ बोलल्या, आणि ते ऐकायला सोपं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, “प्रत्येक रुग्णाला कळलं पाहिजे. तुमच्याकडून. बाहेरून कळायच्या आत.”

साहेबांना हे मान्य नव्हतं. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे, असं त्यांचं म्हणणं. पण संध्याकाळपर्यंत मास्तरांचा लेख आला आणि मुठीत झाकायला काही उरलं नाही. लेखात एकही नाव नव्हतं, आजाराचा उल्लेख नव्हता; शाल होती, पण ती कुणाची ते नव्हतं. कंपनीची मात्र पिसं काढली होती. दुसऱ्या दिवशी कंपनीने एकेका रुग्णाला कळवलं, माफी मागितली.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बहुतेक रुग्ण टिकले होते. दोघांनी उपचार सोडले, आणि ते कुठे आहेत ते आता कळत नाही. ताईंनी घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “त्यांनी तुला हे सांगायला नको होतं.” ताई म्हणाल्या, “नाही, सांगायलाच हवं होतं.” त्या दोघांचा विचार त्यांच्या मनातून नंतरही गेला नाही. रस्त्यात कुणी उगाच थांबून उभा दिसला की त्यांना वाटे, हा तर नसेल?

ब्लॉगवाल्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. कुणी रागावलं नाही, कुणी काही लेखी दिलं नाही. साहेब फक्त म्हणाले की पुढच्या वेळी बाहेरची एजन्सी बघेल. ताई पुन्हा मदतीच्या फोनवर बसू लागल्या. काम आवडीचंच होतं, पण अपमान तो अपमान. पहिले काही दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या कँटीनमध्ये जायच्याच नाहीत.

पुढच्या कॉन्फरन्सला एजन्सीने ब्लॉगवाल्यांसाठी वेगळी खोली सजवली. सोफे, फुलं, आणि पुन्हा पिशव्या. मास्तर आले नाहीत. कॅमेरेवाला आला आणि सोफ्याच्या मागे प्लग शोधून निघून गेला. फार्मसीवाली जिना चढून फोनच्या खोलीत आली आणि ताईंच्या डब्यातलं खाऊन गेली. बाहेर कुणी काही फारसं लिहिलंच नाही. कॉन्फरन्स झाली की नाही हेही लोकांना कळलं नाही.

त्यानंतर एका सकाळी साहेब स्वतः वर आले. ताईंच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, दोन फोन वाजून संपेपर्यंत थांबले.

“ताई, यंदा नवं सॉफ्टवेअर लोकांसमोर जायच्या आधीच त्या मंडळींना दाखवावं म्हणतो. मंचावर गेल्यावर चुका सापडण्यापेक्षा टेबलावर सापडलेल्या बऱ्या.”

“बरोबर आहे.”

“ते एजन्सीच्या बोलावण्याने यायचे नाहीत.”

“नाही यायचे.”

माफी साहेबांच्या तोंडून निघाली नाही, आणि ताईंनीही तिची वाट बघितली नाही. “टेबल हॉलमध्ये हवं,” त्या म्हणाल्या. “आणि डेमोची यादी मी बनवणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

साहेब ‘बरं’ म्हणाले.

मास्तरांनी फोनवर आधी अर्धा तास कंपनीला नावं ठेवली. ताईंनी त्यांना मनसोक्त बोलू दिलं. मग ते म्हणाले, “किती वाजता यायचं?”

यादी बनवायला ताई रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसल्या. एकही नाव खऱ्या माणसाचं नको, एकही आजार कुणाला लागेल असा नको. पाच-सहा रुग्ण झाल्यावर त्यांचं डोकं चालेना. नवऱ्याने दोन सुचवले, दोघांनाही दातदुखी. मग सासूबाईंनी खुर्ची जवळ ओढली.

“लिही,” त्या म्हणाल्या. “वय साठ. पोटात गॅस धरतो. बायको सांगते ते ऐकत नाही.”

“आई, ‘ऐकत नाही’ हा रकाना नाहीये.”

“मग घाल ना एक,” सासूबाई म्हणाल्या. “सगळा आजार तिथूनच सुरू होतो.”