कार्डावरची टोपणं

परवा नव्या कॉम्प्युटरचं खोकं उघडलं, थर्माकोल-प्लास्टिकचा कोरा वास आला आणि घाटकोपरची आमची भाड्याची खोली आठवली. देवगडकडच्या माझ्या रूममेटने हौसेने ग्राफिक्स कार्ड आणि मोठा फोर-के स्क्रीन आणला होता. एकाच कार्डावर एवढं बारीक चित्र न अडखळता चालणार, असा त्याचा ठाम विश्वास. पण गेम सुरू केला तर घोडा दोन पावलं टाके आणि थिजे. पलंगावरून आमचा तिसरा सोबती म्हणाला, "वाट लागली रे. दोन कार्डं लागतात याला." रूममेट कार्ड परत करायला खोकं शोधू लागला. मी स्क्रीनची वायर काढायला कॉम्प्युटरमागे वाकलो, तर कार्डाच्या खाचांवर रबरी टोपणं तशीच. वायर त्याने कॉम्प्युटरच्या दुसऱ्याच उघड्या खाचेत लावलेली, म्हणजे चित्र कार्डातून येतच नव्हतं. "टोपणं का नाही काढलीस?" "नवीन आहे ना यार, खराब होईल." मला हसता येईना, माझ्या घरीही टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकमध्येच होता. वायर कार्डात लावली आणि घोडा थेट नदीपर्यंत दौडला. "थांब रे, पाणी बघू दे," तो म्हणाला. "आमची खाडी अश्शीच हलते." लढाई राहिली, आम्ही तिघं पाणीच बघत बसलो. पुढे तो कायमचा गावी गेला. परवा त्याला फोन करून म्हटलं, नवीन स्क्रीन आणलाय, ये. तो म्हणाला, "तूच ये रे. हय खरी खाडी आसा." सुट्टी बघतो, असं मी याही वेळी म्हणालो.