दहा लाख एक

उरला गावात ट्रकच्या वजनकाट्यावर काम करणारी माझी शेजारीण दिसेल त्या ट्रकचा नंबर मनातल्या मनात भागून बघते. राग आला की तिचा आवाज चढत नाही, बारीक होतो.

परवा ती मला घेऊन लेकीच्या शाळेत गेली. १०,००,००१ ही मूळ संख्या नाही, असं पोरीने पेपरात लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती.

"आन्सर-कीमध्ये मूळ संख्याच दिलीये," बाई म्हणाल्या.

"छापलं म्हणून खरं होते काय?" तिने बारीक आवाजात विचारलं. खडू उचलून फळ्यावर १०१ गुणिले ९९०१ करून दाखवलं.

बाईंनी मार्क वाढवला. ती जागची हलली नाही.

"आता बाकीच्या पोट्ट्यायचे पेपर काढा," ती म्हणाली. "मी बसते इथंच."