कुंकवाची खूण
रॉकेलचा वास आला की मला इंग्रजांच्या वेळची ती आखाजी आठवते, कारण बायकोला सणाला माहेरी एरंडोलला जायचं होतं आणि तिकडं जाणारी एकुलती मोटार धुळ्याच्या शेडात माझ्यासमोर इंजिन उघडून पडली होती. बायको माझी भाकरी आणि स्वतःची पेटी घेऊनच शेडात आली. मी कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, रॉकेलनं धुऊन बोटानं पुढंमागं ढकलून बघत होतो. म्हटलं, "एवढा हलला पाहिजे, घट्ट बसला तर तापून अडकंल." ती म्हणाली, "लोखंडले मोकळीक देतस तुम्ही, आन माले आखाजीले बी नही!" मी हसलो, पण इंजिनातल्या दोन दातेरी चाकांच्या जुळवायच्या खुणा पार झिजल्या होत्या, आणि एक दाता चुकला तर मोटारही गेली अन् तिचा सणही. व्हॉल्व्ह कधी उघडतात ते बघून कुठला दाता कुठं बसवायचा ते मी ठरवलं. तिनं पेटीतला करंडा काढून त्या दोन दात्यांना खुणेसाठी कुंकू लावलं. टिकलीला टिकली भिडवली, हँडल मारलं, इंजिन लागलं. ती पुढच्या बाकावर बसून गेली, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. औंदा ती कायमची गेली तेव्हा बाया म्हणाल्या, शेवटचं कुंकू तुम्हीच लावा, आबा. जन्मभर दात्याला दाता जुळवला, पण तिच्या कपाळावर बोट काही मधोमध टेकलं नाही.