जबड्यातली गाठ आणि कागदी कप

गाठ जबड्याच्या हाडात होती आणि मी चांगली दाढ उपटून घेतली. उजव्या गालाखाली टणक काहीतरी वाढत होतं, दुखत नव्हतं. दाढच असणार, असं मीच ठरवलं. दातांचा डॉक्टर म्हणाला, आधी फोटो काढू. मी म्हणालो, उपटा. दाढ गेली. गाठ राहिली.

तेव्हा मी घनसावंगी-जालना जीप चालवायचो. जीप भाऊसाहेबांची, म्हणजे आमच्या गावच्या बागायतदाराची. मी त्याच गावच्या बौद्धवाड्यातला. स्टँडवरच्या हॉटेलात सगळे काचेच्या गिलासात चहा प्यायचे, मीही. एक दिवस पॅसेंजरांसमोर भाऊसाहेब हॉटेलवाल्याला म्हणाले, "ह्याला कागदी कपात दे. कॅन्सर असंल तर लोकायला लागंल."

लोक सरकून बसले. मी काय केलं? हसलो. म्हणालो, "गालात लाडू धरून बसलोय." पुढं पुढं तर मीच आधी कागदी कप मागायचो. एवढा शहाणा.

घरी मात्र आरशासमोर बोटानं गाठ चाचपत बसायचो. शेवटी संभाजीनगर गाठलं. तिथं तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधी गाठ आहे, हाडाचीच वाढ. कॅन्सर नाही. पण वाढत राहील, काढावी लागेल."

"लोकांना लागते का?"

"कॅन्सर असता तरी लागला नसता. कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी रिपोर्टची घडी करून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर भाऊसाहेबांना सांगितलं, साधी निघाली. "बरं झालं," ते म्हणाले. मी गिलासाला हात घातला. तसे ते हॉटेलवाल्याला म्हणाले, "कागदीच दे. सुरू झालंय तर चालू दे. त्याला बी सवय झालीय."

मंग डोक्यात उजेड पडला. कप गाठीसाठी नव्हताच. माझ्या जातीसाठी होता. गाठ नुसतं निमित्त. आणि मी तो रोज मागून घेत होतो.

"गिलासात ओत," मी म्हणालो. हॉटेलवाला ओतेना. मीच किटली उचलली, गिलास भरला. सगळ्यांसमोर प्यालो. सावकाश. शेवटच्या घोटापर्यंत.

"चावी ठेव," भाऊसाहेब म्हणाले.

ठेवली.

ऑपरेशन व्हायचंय. जबडा सरळ राहील, नाहीतर वाकडा होईल. तोंड कसंही होवो, वेगळ्या कपाला आता ते लागणार नाही. दुसरी जीप मिळंल, नाहीतर ऊस तोडीन.

घरी येऊन आईला सगळं रंगवून सांगितलं. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुह्या बापानं ह्याच गावात हेच केल्तं, तुह्या निम्म्या वयात. त्याला गाठ यावी लागली न्हाई."