पहिल्या पानाची नक्कल

कोटाच्या आतल्या खिशावर तळहात ठेवायचा, दोनदा थोपटायचं आणि हळू आवाजात म्हणायचं, "शिक्क्याची नक्कल हाय." आप्पांची ओळख एवढीच. समोरचा हसत असेल तर गप्प व्हायचा, जेवत असेल तर त्याचा घास हातातच राहायचा. आप्पांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? तुमच्याही गावात असा एक जण असणारच, त्याला डोळ्यांसमोर आणा म्हणजे झालं. अहो-जाहो करतोय ते वयाकडे बघून, दुसरं काही कारण नाही.

तेव्हा मी शिरूरला एका वकिलांकडे कारकून होतो. आप्पा कवठे येमाईचे. तरणेपणी बांधाच्या भांडणात एक दावा जिंकले होते, तेव्हापासून त्यांना कोर्टाच्या आवाराची जी गोडी लागली ती सुटली नाही. शेत मुलं बघायची आणि आप्पा लोकांची दिवाळी बघायचे. दिवाळी म्हणजे सण नव्हे, दिवाळं या शब्दाचं अनेकवचन.

कोर्टाचं दप्तर कुणालाही पाहता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पक्षकाराचं नाव, साल आणि प्रकरणाचा नंबर लिहून अर्ज द्यायचा, त्याला कोर्ट-फीचं तिकीट लावायचं, पानामागे फी भरायची. आठ-पंधरा दिवसांनी गोल शिक्क्याची नक्कल हातात पडते. कुणाला हक्क शाबीत करायचा असतो, कुणाला व्यवहाराआधी खात्री करून घ्यायची असते, म्हणून ही सोय ठेवलेली. आप्पांना यातलं काहीच करायचं नसे. कुणाच्या बापानं, कुणाच्या आज्यानं दिवाळं काढलं होतं आणि कोर्टानं त्याला 'नादार' ठरवलं होतं, तेवढंच त्यांना पाहिजे असे. नादारीची प्रकरणं पुण्याला चालत. त्यासाठी हे गृहस्थ भाकरी बांधून एसटीनं पुण्याला जात आणि नंबर ठाऊक नसला तर सालोसालच्या नोंदवह्या बोट फिरवत चाळत. तिथल्या कुणाला वाटायचं, म्हातारा इतिहासाचा अभ्यास करतोय. नातवंडांच्या नावांत त्यांचा घोटाळा व्हायचा, प्रकरणांच्या नंबरांत कधी झाला नाही.

एकदा दौंडकडे खुटबावला लग्नाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी बसले होते. मुलीचे वडील वाढत वाढत आमच्यापर्यंत आले.

"पाव्हणं, तुमचं वडील दौंडाला आडत चालवायचं न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"व्हय. का बरं?"

"काय न्हाई. सहज." आणि हात खिशावर.

मुलीच्या बापाचं तोंड उतरलं. जिलबीचं ताट त्यांनी स्वतः दोनदा आप्पांपुढे आणलं आणि निघताना नवा फेटा बांधला. मांडवातल्या दुसऱ्या कुणाला काही कळलं नाही. आप्पांनी तोंडानं काहीच मागितलं नव्हतं. ते कधीच काही मागत नसत, आणि मला सगळ्यात जास्त चीड येई ती याचीच.

त्यात माणूस चिक्कू. पानामागे फी पडते म्हणून नक्कल घ्यायचे ती पहिल्या पानाची. अमक्याला नादार ठरवलं, हे पहिल्या पानावर असायचं. पुढे त्यानं राबून लोकांची देणी भागवली आणि कोर्टानं त्याला मोकळं केलं, हे मागच्या पानांवर.

"आप्पा, बाकीची पानं?" मी एकदा विचारलं.

"मला काय पोथी लावायचीय? मुद्द्याचं पान घेतलंय."

मग कवठ्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. बायकांसाठी राखलेल्या जागेवर आप्पांची भावजय उभी राहिली. समोर ठकूबाई. ही बाई कमी वयात विधवा झालेली, दिरांनी घराबाहेर काढलेली. तिनं दिरांवर दावा लावून वाटणीची जमीन मिळवली होती आणि ती एकटीनं पिकवत होती. वस्तीवरच्या बायकांना पाण्यासाठी ओढ्यापर्यंत जावं लागे. वस्तीवर विहीर पाडून घ्यायची, एवढ्यासाठी ती उभी होती.

दिवाळं काढलेल्या नादाराला निवडणुकीला उभं राहता येत नाही, हे आप्पांना पाठ होतं. ते पुण्याला दोन खेपा घालून आले. तिथल्या वह्यांत ठकूबाईचं नाव नव्हतं. ते मिळालं शिरूरच्याच नोंदवहीत. 'अर्जदार ठकूबाई, नादार.' आप्पांनी पहिल्या पानाची नक्कल काढली आणि थेट माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"वाच. घावली का न्हाई?"

मी वाचली, आणि त्यांची चूक लगेच माझ्या लक्षात आली. कोर्टात नादार दोन तऱ्हेचे. ज्याचं दिवाळं निघालं तो एक. आणि ज्याला दावा लावायचाय पण कोर्टाची फी भरायची ऐपत नाही, म्हणून जो ती माफ करून मागतो, तो दुसरा. शाळेत फी माफ झालेल्या मुलाला नादारी मिळाली म्हणतात, तशातलंच हे. ठकूबाई दुसऱ्यातली. अशा नादाराला निवडणूक लढवायला काही आडकाठी नव्हती.

हे मी आप्पांना सांगितलं नाही. म्हटलं, पडू दे म्हाताऱ्याला चारचौघांत तोंडावर. त्यात ठकूबाईचं काय होईल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

अर्जांची छाननी चावडीत होती. मी मुद्दाम मजा बघायला गेलो. ठकूबाईचं नाव निघताच आप्पा उठले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी लोकांसमोर खिशातली नक्कल बाहेर काढली आणि मोठ्यानं वाचली. चावडीत कुजबुज सुरू झाली. एक-दोघं हसले. ठकूबाई मान खाली घालून बसली होती, आणि माझी मजा तेवढ्यापुरती ओसरली.

"बाई, हे नाव तुमचंच का?" छाननी करणाऱ्या साहेबांनी विचारलं.

ती पदर सावरून उभी राहिली. "व्हय साहेब, माझंच. तवा मी नादारच व्हते. दिरांनी नेसत्या लुगड्यानिशी भाईर काढलं. कोर्टाची फी भराया जवळ काय बी न्हवतं. तिथल्या साहेबांनी इचारलं, काय काय हाय तुझ्याकडं? म्या सांगितलं, येक लुगडं आन् येक तांब्या. त्यांनी तसं लिवून घेतलं, फी माफ केली." मग ती आप्पांकडे वळली. "आप्पा, फुडलं पान वाचा की. त्यात मी जिकलेय."

आप्पांनी कागद उलटा करून पाहिला. "म्या पयलंच पान आणलंय," ते म्हणाले.

चावडी हसून हसून लोळली. साहेबांनी दोन तऱ्हेच्या नादारांतला फरक समजावून सांगितला आणि ठकूबाईचा अर्ज मंजूर केला. ती निवडून आली, वस्तीवर विहीरही झाली. कवठ्यात आप्पांना लोक 'पयलं पान' म्हणायला लागले आणि त्यांचं शिरूरला येणं बंद झालं. ही हकीकत मी शिरूरभर रंगवून सांगितली.

चार-पाच वर्षांनी ते पुन्हा आमच्या कचेरीत आले. कोट तोच होता, फक्त आता अंगावर ढगळ झाला होता. मुलांनी जमीन आपसांत वाटून घेतली होती आणि आप्पा कुणाच्याच वाटणीला आले नव्हते. दोन्ही सुनांनी त्यांना जेवायला घालायचं बंद केलं होतं. मुलांकडून पोटगी मागायची, पण फी भरायला जवळ पैसे नाहीत. म्हणजे आधी फीमाफीचा अर्ज. तो लिहायचं काम माझ्याकडे आलं.

"जवळ काय काय आहे ते सांगा," मी म्हणालो.

"कोट. येक वाकाळ. येक पत्र्याची पेटी."

"पेटीत काय?"

"नकला."

"किंमत किती लिहू?"

"काय न्हाई लिव."

अर्जाचा मथळा मी मोठ्या अक्षरांत लिहिला होता. तो त्यांनी जवळ ओढून वाचला. "ह्यो नादार... ह्येला दुसरा शबुद न्हाई का रं?"

"नाही आप्पा. कायद्यात हाच."

होता. जुन्या अर्जांत 'मुफलीस' लिहीत, आणि तो कोर्टात चालायचाही. मला ठाऊक होतं आणि मी सांगितलं नाही. फेटा बांधून घेणारा माणूस, भोगू दे, असं तेव्हा वाटलं.

तारखेला वकीलसाहेब पुण्याला होते. कागद घेऊन मी कोर्टाच्या दारात उभा होतो. ओसरीवर तालुक्याची माणसं दाटली होती, आणि त्यांत कवठ्याची बरीच. आप्पा खांबाला टेकून बसले होते. शेजारी ठकूबाई. म्हाताऱ्याजवळ खरोखर काही नाही, अशी साक्ष द्यायला ती स्वतः होऊन आली होती.

शिपायानं पुकारलं, "नादार अर्जदार..." आणि पुढे आप्पांचं पुरं नाव.

आप्पा हलले नाहीत. कवठ्याची माणसं वळून बघायला लागली. शिपायानं दुसऱ्यांदा पुकारलं.

"आप्पा, उठा. तुमचं नाव घेत्यात," ठकूबाई त्यांचा दंड धरून म्हणाली.

"माझं न्हवं त्ये," आप्पा म्हणाले.

पहिल्या हाकेला मला हसू आलं होतं. तिसऱ्या हाकेला ते मावळलं. शिपाई माझ्यापासून हातभर अंतरावर होता. 'हे काय इथं बसलेत', एवढंच त्याला सांगायचं होतं. ते माझ्यानं झालं नाही.

शिपाई आत गेला आणि अर्ज फेटाळला गेला. थोड्या वेळानं आप्पा उठले आणि एसटी स्टँडाच्या दिशेनं चालू लागले. "आप्पा, भाकर तरी खाऊन जावा," म्हणत ठकूबाई फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेली, पण ते थांबले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. शेवटचे काही महिने ती त्यांना वस्तीवरून दोन वेळचं जेवण पाठवत होती, हे मला नंतर कळलं.

कोर्टाच्या रोजनाम्यात त्या दिवशीची एक ओळ आहे. 'अर्जदार पुकारले असता गैरहजर.' ती खोटी आहे. मी दारात होतो, मी पाहिलंय. आप्पा हजर होते.